अमृत कोकम, लोणचं, पापड बोटीने परदेशात पाठवायचंय? मग सुरुवात तिकडून करा

परदेशात माल पाठवायचा ठरला की बहुतेक जण पहिला फोन फॉरवर्डरला (बोटीचं बुकिंग करून देणाऱ्या एजंटला) लावतात आणि विचारतात, दुबईला कंटेनरचं भाडं किती. मी कोकणातल्या आणि देशावरच्या छोट्या फूड युनिट्सचा माल न्हावा शेवातून बाहेर जाताना बरीच वर्षं जवळून बघतोय आणि माझं ठाम मत झालंय की भाड्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. माल अडकतो, गळतो, परत येतो किंवा तिकडेच नष्ट करावा लागतो, तो बोटीमुळे क्वचित. बहुतेक वेळा कारण असतं लेबल, बॉक्स नाहीतर तारीख, आणि या तिन्ही गोष्टी माल आपल्या शेडमध्ये असतानाच ठरलेल्या असतात. म्हणून ज्या देशातल्या दुकानात बाटली उभी राहणार आहे तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे येत आपल्या युनिटपर्यंत पोचायचं. मी इथे काचेच्या बाटलीतलं अमृत कोकम धरून सांगतो, सोबत लोणचं, पापड, चिवडा येतीलच, कारण अशा ऑर्डरी बहुतेक मिक्स असतात.

तर पहिलं काम, आयातदाराकडून लेखी घ्या. तोंडी "भेजो, हो जाएगा" याला काही अर्थ नाही. तुमच्या बाटलीची कायदेशीर जबाबदारी तिकडे त्याच्या नावावर असते, त्यामुळे लेबल कसं हवं, कुठली लॅब टेस्ट हवी, माल पोचेल तेव्हा एक्स्पायरीला किती दिवस बाकी असायला हवेत, हे त्यानेच सांगायचं असतं. ईमेलवर घ्या, आणि छापायला टाकायच्या आधी लेबलची पीडीएफ त्याला पाठवून "ओके" लिहून घ्या. यात आठवडा गेला तरी चालेल.

आखाती देशांत जायचं तर लेबलवर अरबी लागतं. अरबी मजकुराचा स्टिकर मंजुरी घेऊन लावता येतो, पण उत्पादनाची तारीख आणि एक्स्पायरी ही बाटलीवर थेट छापलेलीच पाहिजे, तारखेचा स्टिकर चालत नाही. एका ओळखीच्या बाईंचा आंबा पल्पचा माल याच कारणासाठी बंदरावर थांबला होता, इंकजेट मशीन बिघडलं म्हणून प्रिंटरवर तारखेचे स्टिकर काढून लावले होते, माल उत्तम, लॅब रिपोर्ट उत्तम, पण तारीख स्टिकरवर म्हणून आत सोडला नाही. दुबईत आयातदाराला तुमचं प्रॉडक्ट आणि लेबल म्युनिसिपालिटीकडे आधी नोंदवावं लागतं, ते झाल्याशिवाय माल हलवू नका. आणि पोचेल तेव्हा निम्मं तरी शेल्फ लाइफ शिल्लक हवं, हा तिकडचा साधा हिशोब. म्हणजे सहा महिन्यांची मुदत असलेला चिवडा तुम्ही दोन महिने गोडाऊनमध्ये ठेवून मग पाठवणार असाल तर तो घेतला जाणारच नाही. बारा महिने मुदतीच्या सरबताला हा त्रास कमी.

अमेरिकेचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्या युनिटची एफडीएकडे (तिकडचं अन्न-औषध खातं) फूड फॅसिलिटी म्हणून नोंदणी लागते, तिकडचा एक यूएस एजंट नेमावा लागतो, आणि ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रिन्यू करायची असते. ज्यांनी 2024 मध्ये केली त्यांची पुढची 2026 मध्ये. रिन्यू नाही केली तर नंबर रद्द, आणि हे बऱ्याच वेळा माल बोटीवर चढल्यावर लक्षात येतं. माल पोचायच्या आधी एफडीएला प्रायर नोटीस, म्हणजे माल येतोय अशी आगाऊ सूचना द्यावी लागते, समुद्रमार्गे असेल तर किमान 8 तास आधी, पण ती तिकडचा कस्टम्स ब्रोकर आरामात आधी भरतो. बंदरात कंटेनर चढायच्या 24 तास आधी आयएसएफ नावाची माहिती अमेरिकन कस्टम्सला जायला हवी, ती आयातदार भरतो, पण कोणाचा माल, कुठे स्टफ झाला (कंटेनरमध्ये भरला) वगैरे माहिती तुम्ही त्याला वेळेत दिली तरच.

लोणचं, चटणी किंवा रेडी ग्रेव्ही बाटलीत भरून अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी इथे जरा थांबा. दोन आकडे डोक्यात पक्के ठेवायचे, पीएच (आंबटपणाचं माप) 4.6 आणि वॉटर ॲक्टिव्हिटी (पदार्थातलं जंतूंना वापरता येईल असं पाणी) 0.85. ज्या पदार्थात मुळात आंबटपणा कमी आहे आणि व्हिनेगर, लिंबू असलं काही घालून पीएच 4.6 किंवा खाली आणलाय, आणि वॉटर ॲक्टिव्हिटी 0.85 च्या वर आहे, तो त्यांच्या लेखी अ‍ॅसिडिफाइड फूड, आणि मग प्रत्येक रेसिपीची प्रोसेस त्यांच्याकडे वेगळी फाइल करावी लागते. आपलं पारंपरिक भरपूर मिठाचं, तेलाचं लोणचं बऱ्याचदा 0.85 च्या खाली येऊ शकतं, पण "आमच्या आजीच्या पद्धतीचं आहे" हे तिकडे ऐकून घेत नाहीत, लॅबचा रिपोर्ट लागतो. दोन्ही टेस्ट फार महाग नाहीत, ऑर्डरची वाट न बघता आधीच करून ठेवा. कमी मिठाचं, कमी तेलाचं "हेल्दी" लोणचं काढणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण मीठ कमी केलं की वॉटर ॲक्टिव्हिटी वर जाते.

लेबलवर अ‍ॅलर्जन बघा. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा नववा मुख्य अ‍ॅलर्जन झालाय. आपल्या चिवड्यात, चकलीत, चटणीत, भाकरवडीत तीळ सगळीकडे असतात. शेंगदाणे, गहू, दूध, सोया, काजू हे आधीपासून आहेतच. युरोपात यादी 14 ची आहे आणि त्यात मोहरीसुद्धा येते, म्हणजे आपलं जवळजवळ प्रत्येक लोणचं त्यात आलं. हिंग वापरत असाल तर त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे विसरू नका, पापडात असा हिंग पडला की लेबलवर गहू आला. ग्लूटेन फ्री लिहून गव्हाचा हिंग घातलेला उडदाचा पापड पाठवणं म्हणजे कोणाच्या तरी तब्येतीशी खेळणं आहे, इथे अजिबात चालढकल करू नका.

युरोप आणि यूकेत रंगांबद्दल फार कडक आहेत. सनसेट यलो, टार्ट्राझिन वगैरे सहा रंगांपैकी काही असेल तर मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो अशा अर्थाची सूचना बाटलीवर छापावी लागते, आणि ती सूचना असलेली बाटली कोणी आई उचलत नाही, म्हणून ऑरेंज स्क्वॉशवाल्यांनी एक्स्पोर्टसाठी रंगाशिवायची रेसिपी वेगळी करावी हे बरं. कोकमाला मुळातच इतका सुंदर रंग आहे, त्यात कशाला काही घालायचं. शेंगदाण्याची चटणी युरोपला पाठवत असाल तर अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून येणारं विष) तपासा, तिथे खायला तयार शेंगदाण्यासाठी मर्यादा एकूण 4 मायक्रोग्राम प्रति किलो आणि त्यातला बी-1 हा 2, म्हणजे फारच कमी, दाणे निवडून घेताना खवट, काळे, सुरकुतलेले सगळे काढावे लागतात. दुधाचे पदार्थ, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या, हे युरोपसाठी सध्या विसराच, छोट्या युनिटच्या आवाक्यातलं नाही. यूकेसाठी लेबलवर तिथल्या आयातदाराचा पत्ता लागतो, कॅनडासाठी इंग्रजीसोबत फ्रेंच लागतं, अमेरिकेसाठी वजन ग्रॅमबरोबर औंसमध्ये लागतं. हे सगळं डिझायनरला एकदाच सांगा आणि देशवार वेगळी फाइल करून ठेवा.

आता आपल्या बाजूचे कागद, हे मी भराभर सांगतो कारण यात गूढ काही नाही. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) डीजीएफटी या सरकारी खात्याच्या साइटवर ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये काही बदल नसला तरी लॉगिन करून अपडेट करायचा, नाहीतर बंद पडतो. एफएसएसएआयचं एक्स्पोर्टसाठी सेंट्रल लायसन्स लागतं, राज्याचं लायसन्स आहे म्हणून निवांत राहू नका. सरबत, लोणचं, पापड, चटणी, बिस्किट, गूळ हे सगळं अपेडाच्या (शेतमाल-अन्नपदार्थ निर्यातीचं सरकारी मंडळ) यादीत येतं, तिथे आरसीएमसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र काढा. मसाले असतील तर मसाला बोर्डाची वेगळी नोंदणी. बँकेकडून एडी कोड (तुमच्या बँक शाखेचा परकीय चलनाचा कोड) घेऊन तो आइसगेट या कस्टम्सच्या साइटवर त्या त्या बंदरासाठी नोंदवायचा. जीएसटीत दर आर्थिक वर्षाला एलयूटी (हमीपत्र) भरली की आयजीएसटी हा कर न भरता माल पाठवता येतो. आणि एक चांगला सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) पकडा, न्हावा शेवात फूडचं काम नेहमी करणारा. सगळ्या प्रकारचा माल करतो म्हणणारा नको. एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार सांगणारा नंबर) त्याच्याशी बसून ठरवा, सरबताचा 2106 90 11, पापडाचा 1905 90 40, प्यायला तयार पेय असेल तर 2202 मध्ये जातं, आणि तुमच्या इन्व्हॉइसवरचा कोड आणि तिकडे आयातदार वापरणार तो कोड पहिल्या सहा आकड्यांपर्यंत जुळतोय ना हे बघा.

आता बाटली आणि बॉक्स. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे पैसे वाचवायला जातात आणि इथेच माल जातो.

कंटेनर म्हणजे पत्र्याची पेटी. उन्हात उभा असला की आतली हवा 50 डिग्रीच्या वर सहज जाते, दुबईच्या जेबेल अली बंदरात उन्हाळ्यात त्याहून जास्त. रात्री खाली येते. हे रोज. सरबत तापलं की फुगतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, वर मोकळी जागा ठेवायची, नाहीतर झाकण उचललं जातं आणि थेंब थेंब पाक बाहेर येतो. पाकाचा एक थेंब म्हणजे चिकट लेबल, ओला बॉक्स, मुंग्या, आणि बॉक्स ओला झाला की त्याच्यावरचे चार बॉक्स खाली बसतात. म्हणून टेस्ट करा, त्याला लॅब लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये वर्तमानपत्रावर बाटल्या आडव्या घालून आठवडाभर ठेवा, रोज सकाळी कागद बघा, डाग दिसला तर झाकण किंवा कॅपिंग मशीनचा टॉर्क (झाकण आवळायचा जोर) बदला. काचेला पिल्फर प्रूफ झाकण (उघडलं की कडी तुटणारं), प्लॅस्टिकला इंडक्शन सील (तोंडावर चिकटवलेला फॉइलचा पडदा), हे एक्स्पोर्टला हवंच. पेट प्लॅस्टिकची बाटली हलकी आहे, फुटत नाही, भाड्यात बरी पडते, पण तिच्यातून हळूहळू ऑक्सिजन आत जातो आणि कोकमाचा रंग उष्णता, उजेड, ऑक्सिजन या तिन्हीने उडतो, लाल सरबत पोचेपर्यंत विटकरी झालेलं असतं. म्हणून अमृत कोकमाला काच, हे माझं मत. गोटी सोडा आणि फसफसणारी पेयं पाठवणारेही आता आहेत, त्यांना उष्णतेत वाढणाऱ्या गॅसच्या दाबाचा वेगळा विचार करावा लागतो, तिथे बाटली बनवणाऱ्याकडून ती किती दाब सोसते ते लिहून घ्या आणि भर उन्हाळ्यातली बोट टाळता आली तर टाळा.

तळलेल्या पदार्थांना उष्णतेचा दुसरा त्रास, तेल खवट होतं. चिवडा, चकली, भाकरवडी पाठवायची तर मेटलाइज्ड पाउच आणि नायट्रोजन भरून, साध्या पारदर्शक पिशवीत नाही. पापडाला वास लागतो आणि तो तुटतो, त्याला स्वतःचा छोटा घट्ट डबा आणि मग मोठा बॉक्स.

बॉक्सचा हिशोब असा. 700 मिलीची काचेची बाटली सरबतासकट साधारण सव्वा किलोच्या वर जाते, 12 बाटल्यांचा बॉक्स 16 किलोच्या आसपास. बॉक्सचं माप समजा 32 बाय 24 बाय 30 सेंटीमीटर. आत प्रत्येक बाटलीला पुठ्ठ्याचे खण पाहिजेत आणि खणाची उंची बाटलीच्या खांद्याच्या वर पाहिजे, अर्ध्या उंचीचे खण घेतले की गळे एकमेकांवर आपटतात. बॉक्स पाच प्लायचा (पाच पदरी पुठ्ठ्याचा) तरी हवा, जमिनीपासून छतापर्यंत भरणार असाल तर सात प्लाय. का ते बघा, 30 सेंटीमीटरचे सात थर लावले की सगळ्यात खालच्या बॉक्सवर सहा बॉक्स, म्हणजे 96 किलो, आणि तेसुद्धा बोट डोलत असताना तीन-चार आठवडे. त्यात पुठ्ठ्याने ओलावा प्यायला की त्याची ताकद निम्म्यावर येते. इथे गोडाऊनमध्ये महिनाभर नीट उभा राहिलेला बॉक्स समुद्रात बसतो तो यामुळे.

आणखी एक गोष्ट जी लोडिंगवाली मुलं हमखास उलट करतात. बॉक्सची ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. म्हणून बॉक्सवर बॉक्स कोपऱ्याला कोपरा जुळवून सरळ उभे लावायचे. विटांसारखे एकमेकांत गुंतवून लावले की दिसायला मजबूत दिसतं पण वरच्या बॉक्सचा कोपरा खालच्याच्या मधोमध येतो आणि तो दबतो. सरळ रचा, वरचा शेवटचा एक थर हवं तर गुंतवा, आणि मग स्ट्रेच फिल्म आणि पट्टी. पॅलेटच्या बाहेर बॉक्सची कड एक इंचही लोंबू द्यायची नाही.

बॉक्स फायनल करायच्या आधी पाडून बघा. 16 किलोच्या बॉक्सला दोन फुटांवरून दहा वेळा, एकदा एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर, मग सहाही बाजूंवर. हीच पद्धत इस्टा या पॅकिंग तपासणीच्या संस्थेच्या साध्या टेस्टमध्ये आहे. एकही बाटली फुटली किंवा गळली तर बॉक्सवाल्याला परत बोलवा. आणि खरं सांगू का, कुडाळ-सावंतवाडीकडून मुंबई-गोवा हायवेने पनवेलपर्यंत ट्रक येईपर्यंतच अर्धी परीक्षा होऊन जाते, खड्ड्यांत बाटल्या जितक्या फुटतात तितक्या अरबी समुद्रात फुटत नाहीत. म्हणून पहिल्या ऑर्डरला बंदराजवळ ट्रकमधून दहा-बारा बॉक्स उघडून बघायला माणूस पाठवा, तो खर्च वसूल होतो.

पॅलेट लाकडाचं असेल तर त्याच्यावर आयएसपीएम 15 चा शिक्का पाहिजे, म्हणजे कीड मारायला लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 डिग्री तापमान 30 मिनिटं दिलेलं असतं. शिक्का नसलेलं पॅलेट, अगदी आधाराला ठोकलेली एक साधी लाकडी फळी असली तरी ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत पूर्ण कंटेनर अडकू शकतो. प्लॅस्टिकचं किंवा पुठ्ठ्याचं पॅलेट घेतलं की हा प्रश्नच येत नाही.

आता कुठे भाड्याचा विषय आला. थोडा माल असेल तर एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये, पैसे सीबीएम (घनमीटर) किंवा टन यातलं जे जास्त त्याप्रमाणे. वरचा बॉक्स 0.023 सीबीएमचा, म्हणजे एका सीबीएममध्ये 43 बॉक्स आणि वजन 690 किलोच्या आसपास, तर सरबतातसुद्धा पैसे आकारमानाचेच लागतात. 1200 बाय 1000 च्या पॅलेटवर हा बॉक्स एका थरात बरोबर 15 बसतो, 24 च्या पाच ओळी आणि 32 च्या तीन, चार थर म्हणजे 60 बॉक्स, 720 बाटल्या. बॉक्स मापायच्या आधी पॅलेटचं माप डोक्यात ठेवलं की असा मेळ बसतो, नाहीतर प्रत्येक थरात रिकामी जागा जाते आणि तिचेही पैसे तुम्हीच भरता.

पूर्ण 20 फुटी कंटेनरमध्ये असे 10 पॅलेट एका थरात बसतात, म्हणजे 600 बॉक्स. तेच पॅलेट न वापरता जमिनीवर रचले तर 1000 च्या वर जातात. म्हणजे पॅलेटने जागा बरीच जाते, पण तिकडे माल फोर्कलिफ्टने अर्ध्या-पाऊण तासात उतरतो आणि हाताळणी कमी झाल्याने फुटतुट कमी. काचेला मी पॅलेट सांगतो, पाउचच्या मालाला जमिनीवर रचलेलं चालतं. बाटल्यांसाठी 40 फुटीच्या नादाला लागू नका, 40 फुटीची वजनाची मर्यादा 20 फुटीच्या दुप्पट नसते, उलट साधारण तेवढीच असते, जागा उरते आणि वजन संपतं. अमेरिकेत रस्त्यावर ट्रकसकट एकूण वजन 80,000 पौंडांपर्यंतच चालतं, तेही आयातदाराला विचारून भरा.

एलसीएलचे दर ऐकताना सावध राहा. इथलं भाडं अगदीच कमी, कधी शून्यसुद्धा सांगतात, आणि तिकडच्या चार्जेसमध्ये ते वसूल करतात, मग आयातदार तुमच्यावर चिडतो. दोन्ही बाजूंचे सगळे चार्जेस लेखी मागा. आणि फॉरवर्डरला स्पष्ट लिहून द्या की आमचा माल अन्नपदार्थ आहे, केमिकल, चामडं, रबर, अगरबत्ती यांच्यासोबत भरायचा नाही. पापडाला अगरबत्तीचा वास लागला तर तो माल कोणी खाणार नाही आणि त्याची भरपाईही सहजासहजी मिळत नाही.

वेळेचं गणित करताना फक्त बोटीचे दिवस धरू नका. न्हावा शेवातून जेबेल अली नीट चाललं तर आठवड्याच्या आत, पण बुकिंग, गेट बंद व्हायची तारीख, कस्टम, तिकडचं क्लिअरन्स धरून तीन आठवडे हातात ठेवा. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच कंपन्यांनी युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून नेल्या, त्यात दहा ते चौदा दिवस वाढतात. बुकिंग करताना सुएझमार्गे की केपमार्गे हे विचारा आणि मधे कुठल्या बंदरावर कंटेनर बदलणार तेही विचारा. दिवाळीचा फराळ लंडन, न्यू जर्सीच्या दुकानात दिवाळीच्या तीन आठवडे आधी हवा असतो, म्हणजे इथून जुलै-ऑगस्टमध्ये निघायला हवा, गणपतीनंतर सुरुवात करू म्हणणाऱ्याला मग विमानाचं भाडं भरावं लागतं.

जुलै-ऑगस्ट म्हणजे पाऊस. कोकणातला हंगामच असा आहे की आंबा, कोकम, फणस एप्रिल-मेमध्ये होतं, प्रोसेस होईपर्यंत जून उजाडतो आणि माल भरायला येतो तो ऐन मुसळधार पावसात. कंटेनरचं दार बंद करताना आत जी दमट हवा कोंडली जाते ती रात्री छत गार झालं की पाणी होऊन खाली बॉक्सवर टपकते. यावर उपाय, पावसात दार उघडं ठेवून लोडिंग करायचं नाही, छताखालीच करायचं, बॉक्स आदल्या आठवड्यापासून कोरड्या खोलीत ठेवायचे, ओल्या पॅलेटवर माल चढवायचा नाही, लाकूड वरून सुकलेलं दिसलं तरी आत पाणी असतं. आत कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, भिंतींना क्राफ्ट पेपर लावायचा, वरच्या थरावर पुठ्ठ्याचे तक्ते टाकायचे.

कंटेनर आला की भरायच्या आधी तपासा, आणि हे स्वतः करा. आत जा, दोन्ही दारं बाहेरून लावायला सांगा आणि अंधारात मिनिटभर उभे राहा. छताला, कोपऱ्याला, दाराच्या रबराजवळ कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. मग वास घ्या. मासळी, केमिकल, डिझेल, कुबट, कसलाही वास आला तर कंटेनर परत पाठवा, धुऊन जात नाही तो वास, लाकडी फ्लोअरमध्ये मुरलेला असतो. फ्लोअरवर हात फिरवा, ओल आहे का, तेलाचे डाग आहेत का, खिळे वर आलेत का. ड्रायव्हर घाई करतो, ट्रान्सपोर्टर फोन करतो, ऐकू नका, तुम्हाला फूड ग्रेड कंटेनर मागायचा हक्क आहे आणि बुकिंगमध्ये तसं लिहिलेलंही पाहिजे.

भरताना जड खाली, हलकं वर, आणि वजन लांबीभर सारखं. दाराजवळ जागा उरली तर एअर बॅग किंवा रिकामे पॅलेट उभे करून भरून काढा, नाहीतर तिकडे दार उघडणाऱ्याच्या अंगावर बाटल्या येतात. रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, दार लावलेलं आणि सीलचा नंबर, सगळ्याचे फोटो काढा, तारीख-वेळेसकट. कंटेनरचं भरल्यानंतरचं पडताळलेलं वजन, व्हीजीएम, 1 जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं आहे, ते वेळेत दिलं नाही तर बोटीवर चढवतच नाहीत.

कागदांत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद) आणि बिल ऑफ लेडिंग (बीएल, बोटीच्या कंपनीची मालाची पावती) या चारांवर बॉक्सची संख्या, वजन आणि नावं अक्षर न अक्षर जुळायला हवीत. बीएलचा ड्राफ्ट येतो तेव्हा तो शांतपणे वाचा, आयातदाराला पाठवून वाचून घ्या, नंतरची दुरुस्ती महाग पडते. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशात बनला याचा दाखला) नीट काढलं तर आयातदाराची ड्युटी वाचू शकते, यूएईबरोबरचा व्यापार करार 1 मे 2022 पासून आणि ऑस्ट्रेलियाबरोबरचा 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे, हे ग्राहकाशी भाव करताना बोलायचा मुद्दा आहे. हेल्थ सर्टिफिकेट, हलाल वगैरे काय लागतं ते आयातदाराच्या त्या पहिल्या ईमेलमध्ये आलेलं असेलच. जवळच्या देशात बोट कागदांच्या आधी पोचते, मूळ बीएल कुरिअरने जाईपर्यंत तिकडे डेमरेज (कंटेनर पडून राहिल्याचा दंड) सुरू, म्हणून पैसे आधी मिळाले असतील तर टेलेक्स रिलीज (मूळ बीएलशिवाय माल सोडायची सोय) घ्या. पैसे मिळाले नसतील तर मूळ बीएल हातातून सोडू नका, अर्धे आधी आणि उरलेले बीएलच्या कॉपीवर ही नव्या ग्राहकासाठी बरी पद्धत आहे, आणि उधारी द्यावीच लागली तर ईसीजीसी या सरकारी कंपनीची निर्यातीच्या उधारीची विमा पॉलिसी बघा. फ्री दिवस (डेमरेज न लागणारे) बुकिंगच्या वेळीच जास्त मागून घ्या, फूडला लॅब सॅम्पलिंग लागलं की सात दिवस पुरत नाहीत.

विमा प्रत्येक वेळी घ्या, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए, सीआयएफ (माल, विमा आणि भाडं धरून) किमतीच्या 110 टक्क्यांचा. बी आणि सी स्वस्त असतात पण त्यात नेहमीची फुटतुट येत नाही. कुठलाच क्लॉज खराब पॅकिंग, उशीर किंवा माल आपोआप आंबला याचे पैसे देत नाही, हे आधी समजून घ्या. आणि जनरल अ‍ॅव्हरेज म्हणून एक प्रकार आहे, बोट आणि माल वाचवायला जो खर्च होतो तो सगळ्या मालवाल्यांत वाटला जातो, तुमच्या बाटल्या शाबूत असल्या तरी. 2021 मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन नावाची बोट अडकली तेव्हा हेच झालं. विमा असेल तर कंपनी हमी देते, नसेल तर अनामत भरेपर्यंत माल सुटत नाही. मे 2025 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा 3 ही कंटेनरची बोट बुडाली, म्हणजे लांबच्याच समुद्रात होतं असंही नाही.

माल पोचल्यावर आयातदाराने सील तोडायच्या आधी सीलचा फोटो आणि दार उघडताना व्हिडिओ काढायचा, हे आधीच ठरवून घ्या. बाहेरून न दिसणारं नुकसान असेल तर बोटीच्या कंपनीला तीन दिवसांत लेखी कळवावं लागतं, त्यानंतर तुमची बाजू लंगडी पडते. आणि इकडे त्याच बॅचचा एक पूर्ण बॉक्स सील न तोडता एक्स्पायरीपर्यंत स्वतःजवळ ठेवा, शिवाय दोन बाटल्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळ्या ठेवा, तिकडून रंग उतरल्याची तक्रार आली की तिन्ही शेजारी ठेवून बघता येतं की प्रवासात काय झालं आणि रेसिपीत काय कमी पडलं.